आगगाडीचीं जुनीं भागपत्रें

आमच्या इतिहासाच्या तासाला दरवर्षीं एकदां एक कागद हातोहात फिरविण्यांत येतो. तो सुमारें बारा इंच लांब व आठ इंच रुंद असून त्याच्या चारी कडांस जाळीदार नक्षीची चौकट आहे. वरच्या अंगास कोरीव चित्र आहे, मधोमध ठळक अक्षरांत ‘न्यूयॉर्क, ऑंटेरिओ अँड वेस्टर्न रेल्वे’ असें कंपनीचें नांव आहे, खालीं दोन अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत, आणि त्या सह्यांतून आरपार बारीक छिद्रें पाडलेलीं आहेत. तें एका अमेरिकन आगगाडीच्या कंपनीचें भागपत्र, म्हणजे शेअरचा दाखला, आहे. कागद पहिल्या बांकापासून शेवटच्या बांकापर्यंत जाईतों एक प्रश्न हटकून विचारला जातो: “सर, हा कागद आज कंपनीकडे नेला तर किती पैसे मिळतील?” कंपनीच आतां राहिली नाहीं, सबब एक पैहि मिळणार नाहीं, असें आम्ही सांगतों, आणि वर्ग हंसतो.

एके वर्षीं मात्र मागच्या बांकावरच्या एका विद्यार्थ्यानें न हंसतां विचारलें, “मग ते पैसे बुडाले कोणाचे?” ज्यानें शेअर घेतला त्याचे, असें उत्तर आम्हीं त्या वेळीं देऊन टाकलें व पुढील धड्याकडे वळलों. तें उत्तर फार तर अर्धें खरें होतें. उरलेलें अर्धें शोधतां शोधतां आमचा हा कागद जमविण्याचा छंद वाढला, आणि आज त्या विद्यार्थ्याचें राहिलेलें देणें या लेखानें फेडावें असा विचार आहे.

प्रथम भागपत्र म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आगगाडीचा रस्ता करावयाचा म्हणजे जमीन, रूळ, पूल, इंजिनें, डबे व हजारों मजुरांची मजुरी एवढा खर्च पहिली गाडी एक मैल धांवण्यापूर्वींच करावा लागतो. इतकें द्रव्य एका सावकाराच्या तिजोरींत सहसा नसतें. म्हणून लागणाऱ्या भांडवलाचे लहान लहान सारखे भाग करावयाचे, व ज्यानें जितके भाग घेतले त्यास तितक्यांचा दाखला द्यावयाचा, अशी रीत पडली. अमेरिकेंत आगगाडीचा एक भाग बहुधा शंभर डॉलरचा असे. भाग घेणारा हा कंपनीचा सावकार नसतो, मालकांपैकीं एक असतो. नफा झाला तर त्यास वांटा मिळतो आणि कंपनी बुडाली तर त्याचें भांडवल तिच्याबरोबर बुडतें. कर्जरोखा ही याहून निराळी वस्तु आहे. रोखा घेणारास ठराविक व्याज व मुदतीअखेर मुद्दल मिळण्याचा करार असतो, आणि कंपनीचें दिवाळें निघाल्यास आधीं रोखेवाल्यांचें देणें भागवून कांहीं उरलेंच तर तें भागवाल्यांच्या पदरीं पडतें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व हकीकत याच भेदावर उभी आहे.

आतां कागदाकडेच पाहूं. या जुन्या दाखल्यांवरील चित्रें साध्या छापखान्यांत छापलेलीं नसतात. कसबी कारागीर पोलादाच्या पत्र्यावर एकेक रेघ हातानें कोरीत. त्या रेघांत शाई भरून वर ओलसर कागद ठेवीत व मोठ्या दाबाच्या यंत्रांतून तो काढीत. अशा कागदावर डोळे मिटून बोट फिरविलें तरी रेघांचा उंचवटा बोटास लागतो. चौकटींतील वेटोळीं मात्र हाताचीं नाहींत. तीं काढणारें एक निराळेंच चक्रयंत्र असे, आणि तेंच वळण हुबेहूब पुन्हां काढणें नकल करणारास फार अवघड जाई. १८५८ सालीं अशा सात कारखान्यांनीं एकत्र होऊन ‘अमेरिकन बँक नोट कंपनी’ काढली. नोटा व टपालाचीं तिकिटें कोरणारे तेच हात आगगाडीचीं भागपत्रेंहि कोरूं लागले. पुढें न्यूयॉर्कच्या शेअरबाजारानें असा दंडक घातला कीं, बाजारांत खपावयाचा दाखला कोरीव छपाईचाच असला पाहिजे व त्यावर मनुष्याकृति असली पाहिजे. यांतील मर्म मौजेचें आहे. इंजिनाचें एखादें चाक वांकडें निघालें तर तें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं, परंतु मनुष्याच्या मुद्रेंत केसाएवढा फरक पडला तरी आपल्या डोळ्यांस तो तत्काळ खटकतो. म्हणूनच या कागदांवर कोठें हातोडा घेतलेला लोहार, कोठें शेतकरी, कोठें ग्रीक देवतेच्या वेषांतील स्त्री बसलेली आढळते.

चित्र पाहून झालें म्हणजे पुष्कळ जण कागद खालीं ठेवितात. आमच्या मतें खरें वाचन तेथून पुढें सुरू होतें. डाव्या अंगाची कड नागमोडी कापलेली असेल, तर दाखला एका मोठ्या वहींतून फाडून दिला व त्याची प्रतिपावती वहींत राहिली असें समजावें. दोन्ही कडा जुळल्या तर कागद खरा. सह्यांवरील छिद्रें कसरीचीं नव्हेत; तो भाग दुसऱ्यास विकला गेला व जुना दाखला कंपनीनें रद्द केला याची ती खूण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळांत, १८६२ पासून, सरकारनें खर्चासाठीं कागदपत्रांवर कर बसविला. त्यामुळें त्या वर्षांतील कांहीं दाखल्यांवर लहानसें तिकीटहि चिकटविलेलें दिसतें. पाठीमागें हस्तांतराचा मजकूर असतो व तेथें विकणाराची सही असते. तेथें पेढ्यांच्या सह्या आढळतात, वकिलांच्या आढळतात, आणि कित्येकदां पतीच्या निधनानंतर त्याच्या नांवचा भाग विकणाऱ्या स्त्रीचीहि सही आढळते. व्हँडरबिल्ट, गूल्ड अशा धनाढ्यांची सही असलेल्या कागदास बाजारांत मोठी किंमत येते. आमची ऐपत तेवढी नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस त्या अनोळखी स्त्रीचीच सही अधिक बोलकी वाटते.

सुबक छपाईवर कितपत विसंबावें याची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्क राज्यांतील ‘ईरी’ नांवाची आगगाडी आपल्या हातीं यावी म्हणून १८६८ च्या आरंभीं कॉर्नेलिअस व्हँडरबिल्ट बाजारांत दिसेल तो ईरीचा शेअर विकत घेऊं लागला. कंपनीचा कारभार ज्यांच्या हातीं होता ते डॅन्यल ड्र्यू, जे गूल्ड व जिम फिस्क हे त्रिकूट त्याहून बिलंदर निघालें. त्यांनीं शेअरांत बदलतां येतील असे कर्जरोखे काढले, ते लागलीच बदलून घेतले, आणि सुमारें एक लक्ष नवे शेअर बाजारांत ओतले. व्हँडरबिल्ट घेत गेला, हे छापीत गेले. मार्च महिन्यांत अटकेचा हुकूम सुटतांच तिघेहि रोकड व वह्या घेऊन हडसन नदीपलीकडे, दुसऱ्या राज्याच्या हद्दींतील जर्सी सिटींत जाऊन बसले. ते सर्व कागद कोरीव, सुबक व सहीशिक्क्याचेच होते.

असो. आतां आमच्या वर्गांतील कागदाची कथा. न्यूयॉर्क म्हटलें म्हणजे आपणांस समुद्रकांठचें गगनचुंबी इमारतींचें शहर आठवतें. परंतु त्याच नांवाचें एक विस्तीर्ण राज्य त्या शहराच्या पाठीशीं पसरलेलें आहे. त्याच्या उत्तरेस ऑंटेरिओ नांवाचें समुद्रासारखें सरोवर आहे व त्याच्या कांठीं ऑस्वेगो नांवाचें बंदर आहे. सरोवर व शहर यांच्यामध्यें डोंगरांच्या रांगा, खोल दऱ्या, आणि दूधदुभत्यावर व लांकूडतोडीवर निर्वाह करणारीं शेंकडों लहान गांवें आहेत. मोठी आगगाडी, न्यूयॉर्क सेंट्रल, ही सपाटीच्या मोहॉक नदीच्या खोऱ्यानें जाई. डोंगरांतल्या गांवांस तिचा उपयोग नव्हता. त्यांचें लोणी व दूध बाजारांत पोंचण्यापूर्वींच नासून जाई.

१८६६ सालीं ऑस्वेगोच्या कांहीं मंडळींनीं ‘न्यूयॉर्क अँड ऑस्वेगो मिडलंड’ नांवाची कंपनी स्थापिली. तिचे अध्यक्ष डी विट लिटलजॉन हे राज्याच्या विधानसभेचे अनेक वेळां सभापति झालेले, वजनदार गृहस्थ होते. सरोवरापासून थेट न्यूयॉर्क शहराच्या दिशेनें, डोंगरांच्या मधून रस्ता काढावयाचा, असा त्यांचा बेत होता. शहरांतील भांडवलवाले असल्या डोंगरी रस्त्यास पैसा देण्यास कचरत. तेव्हां पैसा कोठून आणावयाचा? कायद्यानें एक वाट मोकळी होती. गांवांतील बहुसंख्य करदात्यांनीं संमति दिल्यास गांवच्या पंचांनीं गांवाच्या नांवानें कर्जरोखे काढावे व त्यांच्या मोबदल्यांत तितक्याच रकमेचे आगगाडीचे शेअर घ्यावे. रोख्यांचें व्याज व मुद्दल पुढें गांवच्या करांतून फेडावयाचें. आगगाडी चालूं लागली म्हणजे शेअरांवर नफा मिळेल, त्यांतून व्याज सुटेल, जमिनींच्या किंमती चढतील, आणि कर वाढविण्याची वेळच येणार नाहीं, असा हिशेब गांवोगांव मांडून दाखविण्यांत आला.

तो हिशेब करणारे सगळेच ठक होते असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या गांवाहून बाजारपेठेस जाण्यास बैलांच्या किंवा घोड्यांच्या गाडीनें दिवस मोडतो, त्या गांवास आगगाडीचें स्वप्न पडावें यांत नवल नाहीं. बहुमताचा नियम असल्यामुळें ज्या शेतकऱ्यानें सही करण्याचें नाकारलें त्याचेंहि शेत कर्जांत गुंतलें, ही गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं.

परिणाम असा झाला कीं, ज्या गांवानें रोखे दिले त्या गांवाकडे रस्ता वळला. सिरॅक्यूससारखें मोठें शहर बाजूस राहिलें, आणि नकाशावर जी रेघ सरळ यावयाची ती फुल्टन, ओनायडा, नॉरिच, वॉल्टन, लिबर्टी अशी गांवें वेंचीत डोंगरांतून नागमोडी निघाली. नद्यांच्या खोऱ्यांबरोबर न जातां ती खोऱ्यांस आडवी जाई. म्हणून चढ उभे, बोगदे अनेक, आणि दऱ्यांवर उंच पूल. नॉरिचजवळ लायन ब्रूक नांवाच्या ओढ्यावरील लोखंडी पूल दीडशें फुटांहून अधिक उंच होता. खालीं ओढा मात्र पायानें ओलांडण्याजोगा! आमच्यापाशीं त्या मुलखाचा एक जुना नकाशा आहे. विद्यार्थ्यांस आम्ही तो आधीं दाखवितों व रस्ता असा कां फिरला तें ओळखावयास सांगतों. कोणी नदी म्हणतो, कोणी डोंगर म्हणतो. पैसा हें उत्तर आजपर्यंत एकाच मुलीनें दिलें आहे.

१८७३ च्या जुलै महिन्यांत शेवटचा खिळा ठोकला जाऊन रस्ता पुरा झाला. त्याच वर्षीं १८ सप्टेंबरला जे कुक नांवाची अमेरिकेंतील प्रख्यात पेढी बसली व देशभर बाजार कोसळला. ऑस्वेगो मिडलंडच्या अंगावर बांधणीचें कर्ज होतेंच. त्याच महिन्यांत तिचेंहि दिवाळें वाजलें. रस्ता पुरा होऊन तीन महिनेहि झाले नव्हते. पुढें १८७९ सालीं लिलाव झाला, आणि १८८० मध्यें घेणारांनीं ‘न्यूयॉर्क, ऑंटेरिओ अँड वेस्टर्न’ या नांवानें नवी कंपनी उभारली. गांवांच्या पेट्यांतील जुने शेअर जवळजवळ कवडीमोल झाले. गांवांनीं काढलेले रोखे मात्र एव्हांना दूरदूरच्या लोकांनीं रोख पैसे मोजून विकत घेतलेले होते, व त्यांचें व्याज दरवर्षीं उभें राहत होतें. अमेरिकेंत असल्या अनेक गांवांनीं कोर्टांत जाऊन रोखे बेकायदेशीर ठरविण्याचा यत्न केला. ज्यानें विश्वासानें रोखा घेतला त्याचें देणें दिलेंच पाहिजे, असाच निवाडा बहुधा झाला. वर्षानुवर्षें लोणी विकून, कर भरून त्या डोंगरी शेतकऱ्यांनीं तें कर्ज फेडलें. ज्यानें १८६८ सालीं सही केली त्याच्या मुलानेंहि तें फेडलें. न्यूयॉर्क राज्यानें मात्र यापासून धडा घेतला. १८७४ सालीं तेथील राज्यघटनेंत अशी दुरुस्ती झाली कीं, यापुढें कोणत्याहि गांवानें किंवा शहरानें आपला पैसा वा आपली पत खाजगी कंपनीच्या पाठीशीं घालूं नये.

तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. भागपत्रावर ज्याचें नांव लिहिलें होतें त्याचे पैसे तर बुडालेच. परंतु त्या कागदांपैकीं कित्येकांवर मनुष्याचें नांव नव्हतें, गांवाचें नांव होतें, आणि गांवाचे म्हणजे ज्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं अशा माणसाचे पैसे बुडाले. अशा गांवाच्या नांवाचा पहिल्या कंपनीचा एखादा दाखला मिळावा अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. वर्गांत फिरतो तो दुसऱ्या कंपनीचा आहे.

या दुसऱ्या कंपनीची गोष्टहि रसहीन नाहीं. १८९० सालीं तिनें पेनसिल्व्हेनियांतील स्क्रँटनच्या कोळशाच्या खाणींपर्यंत फांटा नेला आणि कोळशावर तिचे बरे दिवस गेले. डोंगरांतल्या गांवचें दूध रातोरात शहरांत पोंचविणाऱ्या तिच्या गाड्या होत्या, आणि उन्हाळ्यांत शहरचे लोक हवा खाण्यास त्याच गाड्यांनीं डोंगरांत येत. लिबर्टी गांवाजवळ क्षयरोग्यांसाठीं आरोग्यभुवन झालें, तेहि तेथील हवेमुळें व आगगाडीच्या सोयीमुळें. पुढें कोळशाचा खप घटला, मोटारींच्या सडका झाल्या, १९३७ मध्यें कंपनीनें पुन्हां दिवाळ्याचा अर्ज केला, आणि २९ मार्च १९५७ रोजीं सबंध रस्ता कायमचा बंद झाला. ‘ओ’ व ‘डब्ल्यू’ या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘ओल्ड वुमन’, म्हणजे म्हातारी, म्हणत. या म्हातारीचे रद्द दाखले आज संग्राहकांस विपुल व स्वस्त मिळतात. आमच्यासारख्यास ते परवडले याचें कारणहि तेंच.

येथवर वाचून एखादा पालक म्हणेल कीं, परक्या मुलखांतील शेतकऱ्याच्या कर्जाशीं आमच्या मुलांचा संबंध काय? संबंध असा कीं, बोरघाटांतून पुण्यास जातांना ज्या रस्त्यावरून आपण जातों त्याच्याहि भांडवलाची हकीकत याच जातीची आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें लंडनमध्यें स्थापन झाली. १७ ऑगस्ट १८४९ रोजीं ईस्ट इंडिया कंपनीशीं तिचा करार झाला. त्यांत जमीन फुकट, मुदत नव्व्याण्णव वर्षें, आणि भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी, अशा अटी होत्या. आगगाडीस नफा कमी पडला तर उरलेली तूट सरकारनें हिंदुस्थानच्या वसुलांतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यांतून व मिठाच्या करांतून, भरून द्यावयाची. मुंबईंत आगगाडी यावी म्हणून खटपट करणारांत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हे अग्रेसर होते हें खरें. तरी अशा हमीच्या रेल्वेच्या भागवाल्यांत हिंदी लोकांचें प्रमाण आरंभींच्या काळांत शेंकडा एकाहूनहि कमी होतें. ऑस्वेगोच्या शेअरवाल्यास बुडण्याची भीति तरी होती, या शेअरवाल्यास तीहि नव्हती. विल्यम मॅसी या माजी अर्थसचिवांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें साक्ष देतांना स्पष्टच सांगितलें कीं, व्याजाची हमी असल्यामुळें आपला पैसा विटाचुन्यांत गेला काय कीं हुगळी नदींत फेंकला काय, इंग्रज भांडवलवाल्यास त्याची फिकीर नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली हें सर्वांस पाठ आहे. बोरघाटाचें काम १८५६ च्या सुमारास सुरू झालें. सुमारें पंधरा मैलांत अठराशें फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि काळाकभिन्न कातळ. भर कामाच्या दिवसांत चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटांत राबत. पटकीच्या सांथींनीं, घसरणाऱ्या दरडींनीं व सुरुंगांनीं त्यांतील हजारों प्राणांस मुकले. १८५९ च्या जानेवारींत मजुरीच्या पैशांवरून दंगा झाला. फॅविएल नांवाच्या मक्तेदारानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत मरण पावला, आणि मग त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता चालवून काम तडीस नेलें. १८६३ सालीं घाट खुला झाला. एवढ्या सर्व हकीकतींतून भागपत्रावर उमटलें तें फक्त भाग घेणाराचें नांव व त्याची रक्कम. ज्या मजुराच्या हातीं पहार होती त्याचें नांव तेथें नाहीं, व ज्याच्या साऱ्यांतून व्याज भरलें त्याचेंहि नाहीं. न्यूयॉर्कच्या डोंगरी गांवांत करदात्यांची संमति तरी विचारली गेली. मावळांतल्या शेतकऱ्यास कोणीं विचारलें नव्हतें.

१ जुलै १९०० रोजीं सरकारनें ही रेल्वे विकत घेतली. किंमत एकदम न देतां ती वार्षिक हप्त्यांनीं देण्याचें ठरलें व त्या हप्त्यांचे निराळे दाखले निघाले. जुन्या भागपत्रांऐवजीं तेच मग लंडनच्या बाजारांत खपूं लागले. त्यांची मुदत मूळ कराराच्या नव्व्याण्णवाव्या वर्षाअखेर, म्हणजे १७ ऑगस्ट १९४८ रोजीं, संपावयाची होती. ही तारीख वर्गांत फळ्यावर लिहिली कीं विद्यार्थी आपण होऊनच तिच्या शेजारीं १५ ऑगस्ट १९४७ लिहितात.

महाराष्ट्रांतील दुसरी लक्षांत घेण्याजोगी कंपनी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या इंजिनिअरानें १८९५ सालीं ती लंडनमध्यें नोंदविली. १८९७ मध्यें तिची अडीच फुटी रुळांची गाडी मुख्य रस्त्यापासून बार्शीपर्यंत धांवूं लागली, १९०६ मध्यें ती पंढरपुरास पोंचली व पुढें लातूर व मिरज हीं तिचीं टोकें झालीं. १ जानेवारी १९५४ रोजीं ती सरकारजमा झाली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ते अरुंद रूळहि काढून तेथें रुंद रूळ घालण्यांत आले. आषाढीच्या गर्दींत या गाडीच्या टपावर बसून पंढरीस गेल्याचें सांगणारे आजोबा आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं अजून असतील.

हा छंद ज्यांस लावून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठीं चार शब्द. १९७८ पासून यास इंग्रजींत ‘स्क्रिपोफिली’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. त्यास भिऊं नये. आरंभ महागड्या सहीपासून न करतां एखाद्या मुलखापासून करावा, आणि कागद विकत घेण्याआधीं त्या मुलखाचा नकाशा घ्यावा. हल्ली जुन्या दाखल्यांच्या नकला पुष्कळ निघतात. बोटास रेघ लागते कीं नाहीं तें पाहावें. कागद ऊन व ओल यांपासून जपावा. त्यास चिकटपट्टी लावूं नये व प्लॅस्टिकमध्यें तापवून कायमचा बंद करूं नये. आमच्या पावसाळ्यांत कसर लागण्यास आठवडा पुरतो, म्हणून श्रावणांत एकदां तरी पेटी उघडून प्रत्येक कागद उलटून पाहावा. टीप लिहावयाची ती पाठीमागें, हलक्या हातानें, शिसपेन्सिलीनेंच लिहावी.

पालकांस एक विनंति आहे. घरच्या जुन्या ट्रंकेंत आगगाडीच्या कंपनीचा, गिरणीचा, सहकारी सोसायटीचा अथवा साखर कारखान्याचा एखादा जुना शेअरचा दाखला निघाल्यास तो मुलाबरोबर एक दिवसापुरता शाळेंत पाठवावा. त्याबरोबर तो कोणी, कशाचे पैसे घालून घेतला, हें घरांतील वडील माणसांस आठवत असल्यास तेंहि एका चिठ्ठींत लिहून पाठवावें. आम्हांस कागदाइतकीच त्या चिठ्ठीची गरज आहे. दाखला पाहून, नकलून घेऊन, त्याच दिवशीं परत करण्यांत येईल. त्यास टांचणी लागलेली असल्यास ती घरीं ओढून काढूं नये. गंजलेली टांचणी कागद फाडल्यावांचून कशी काढावी हें आम्ही तीन कागद फाडून शिकलों आहोंत.